आठ मिलिमीटरच्या प्रोजेक्टरवर चित्र उडतंय? मशीन उघडण्याआधी हे तपासा

माझ्याकडे येणाऱ्या घरगुती प्रोजेक्टरांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते. दिवा लागतो, मोटर फिरते, पण चित्र काही जागेवर राहत नाही. मशीन युमिगचं असो, एल्मोचं असो की बोलेक्सचं, फिल्म स्टँडर्ड आठ असो की सुपर आठ (आठ मिलिमीटरच्या फिल्मच्या या दोन जाती), तक्रार तीच असते आणि तिची कारणंही फिरून फिरून तीच सापडतात. ती सगळी इथे एका ठिकाणी लिहून ठेवतो. सोपी आणि फुकटातली आधी, अवघड शेवटी.

लक्षणं

'चित्र उडतं' एवढं सांगून भागत नाही. त्यात निरनिराळे बिघाड लपलेले असतात. तुमच्याकडे यातलं नेमकं काय होतंय ते बघा:

- चित्र सतत बारीक थरथरतं, पण सिनेमा पुढे सरकत राहतो.
- मधूनच 'टर्रर्र' असा आवाज येतो, चित्र वरपासून खालपर्यंत ओघळल्यासारखं दिसतं आणि थांबवल्याशिवाय ठीक होत नाही.
- फक्त फिल्मच्या जोडावर उडी मारतं.
- पहिली पाच-दहा मिनिटं उडतं, मशीन तापलं की सुधारतं.
- याच्या उलट: सुरुवातीला छान, तापल्यावर बिघडतं.
- वर-खाली न होता डावी-उजवीकडे डुलतं.
- चित्र जागेवर आहे, पण पांढऱ्या अक्षरांना वर किंवा खाली शेपटी फुटल्यासारखी दिसते.

यात एक फुकटची परीक्षा आहे, ती पहिल्यांदा करा. पडद्यावर चित्राच्या चारी बाजूंना गेटच्या, म्हणजे दिव्यासमोर फिल्म जिथून सरकते त्या खिडकीच्या, चौकटीची काळी कड दिसते. चित्राकडे न बघता दोन मिनिटं फक्त त्या कडेकडे बघा. चित्राबरोबर कडसुद्धा हलत असेल तर फिल्म बरोबर चालली आहे. हलतंय ते टेबल, प्रोजेक्टरचा पाय नाहीतर ढिली लेन्स. कड स्थिर आणि आतलं चित्र हलतंय, तरच पुढचं वाचा. डुगडुगणाऱ्या डायनिंग टेबलाच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारून मी एकापेक्षा जास्त प्रोजेक्टर 'दुरुस्त' केले आहेत.

तपासणी घरच्या फिल्मवर करू नका

घरगुती आठ मिलिमीटरची फिल्म बहुतेक सगळी रिव्हर्सल प्रकारची. म्हणजे कॅमेऱ्यातून जी पट्टी गेली तीच धुऊन पडद्यावर दाखवायची. तिची निगेटिव्ह नसते, दुसरी प्रतही नसते. तुमच्या हातात असते ती एकुलती एक.

हे मी पुस्तकात वाचून शिकलो असतो तर बरं झालं असतं. आजोबांनी १९६९ च्या दिवाळीत चित्रित केलेलं रीळ मी नवीनच आणलेल्या मशीनवर 'चालतंय का बघू' म्हणून लावलं. टर्रर्र झालं, मी बटण शोधेपर्यंत दोन फूट फिल्मची भोकं फाटली. स्टँडर्ड आठच्या एका फुटात ८० चौकटी, म्हणजे ८० सुटी चित्रं, असतात. सेकंदाला १६ या वेगाने हिशेब केला तर ती १० सेकंदं. त्या १० सेकंदांत आजी रांगोळी घालताना मान वर करून आजोबांकडे बघते. तो भाग आता प्रोजेक्टरवर कधीच चालणार नाही.

म्हणून तपासायला बाजारातलं एखादं बिनकामाचं रीळ घ्या. पुण्यात जुन्या बाजारात आणि मुंबईत चोरबाजारात अशी परदेशी कार्टूनची छोटी रिळं अधूनमधून मिळतात. भोकं धड आहेत एवढं बघून घ्यायचं, आत काय आहे याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. हे रीळ नीट चाललं आणि घरचं उडालं, तर दोष घरच्या फिल्ममध्ये. दोन्ही उडाली तर मशीनमध्ये. निम्मा तपास इथेच होतो.

उडी पडते कशी

पुढचं सगळं कळायला हे लक्षात घ्या. वरचं स्प्रॉकेट, म्हणजे दातेरी चाक, फिल्म एकसारखी सोडत असतं आणि खालचं ती एकसारखी ओढत असतं. मधल्या गेटमध्ये मात्र फिल्म थांबत थांबत जाते. थांबली, उजेड पडला, शटरने उजेड अडवला, क्लॉ नावाच्या नखाने भोकात शिरून एक चौकट खाली ओढली, पुन्हा थांबली. सुपर आठमध्ये हे सेकंदाला १८ वेळा होतं. या दोन चालींचा मेळ बसावा म्हणून गेटच्या वर आणि खाली फिल्मचा एकेक सैल बाक ठेवलेला असतो. त्यालाच लूप म्हणतात.

क्लॉचं एखादं भोक चुकलं की गेटमधून फिल्म येत नाही, पण खालचं स्प्रॉकेट थांबत नाही. ते आपल्या वाट्याची फिल्म खालच्या लूपमधून घेतं. अशी दोन-तीन भोकं चुकली की खालचा लूप संपतो, वरचा तेवढाच फुगतो आणि फिल्म गेटमधून सरळ खेचली जायला लागते. तोच तो टर्रर्र आवाज. म्हणून लूप गेला की नुसता लूप नीट करून पुन्हा चालू करण्यात अर्थ नाही. काही मशीनांना लूप परत करायचा खटका असतो, तो दाबत दाबत अख्खं रीळ बघणारेही लोक असतात. प्रत्येक वेळी आतमध्ये भोकांच्या कडा झिजत असतात. क्लॉ भोक का चुकतोय, हे शोधायचं.

१. फिल्म आणि मशीन एकाच जातीचे आहेत का

स्टँडर्ड आठ १९३२ साली आली, सुपर आठ १९६५ साली. दोन्हींची रुंदी ८ मिलिमीटरच, त्यामुळे एक दुसऱ्याच्या मशीनमध्ये आरामात शिरते. पण स्टँडर्डची भोकं मोठी आणि दोन चौकटींच्या मधल्या रेषेवर असतात, सुपरची बारीक आणि चौकटीच्या मध्यावर. स्टँडर्डमध्ये एका भोकापासून पुढच्या भोकापर्यंतचं अंतर ३.८१ मिलिमीटर, सुपरमध्ये ४.२३. दोन्ही चालवणाऱ्या मशीनवर खटका असतो, काहींत गेटचा तुकडा किंवा स्प्रॉकेटही बदलावं लागतं. खटका चुकीच्या बाजूला असेल तर क्लॉ दर वेळी भोकाच्या ऐवजी फिल्मवर आपटतो. रिळाच्या मधलं छिद्र बारीक असेल तर बहुधा स्टँडर्ड, मोठं असेल तर सुपर. पण फिल्म दुसऱ्याच रिळावर गुंडाळलेली असू शकते, म्हणून उजेडात धरून भोकंच बघा.

२. गेट

एकच तपासणी करायला वेळ असेल तर ही करा.

प्लग काढा. लेन्स बाजूला वळवा किंवा बाहेर ओढा, म्हणजे फिल्म गेटवर दाबून धरणारी प्रेशर प्लेट मोकळी होईल. आता टॉर्चचा उजेड तिरपा पाडून गेटच्या दोन्ही पट्ट्या बघा. सरळ उजेडात काही दिसत नाही, तिरप्या उजेडात मात्र दिसतं: चकचकीत पट्टीवर कुठेतरी गुळाच्या काकवीसारखा तपकिरी ठिपका, मोहरीच्या दाण्यापेक्षाही लहान. नखाने टोकरला तर काचेसारखा कडक लागतो. फिल्मवरचा जिलेटिनचा थर वर्षानुवर्षं घासला जाऊन, दिव्याच्या उष्णतेने भाजून तिथे बसलेला असतो. एवढासा ठिपका फिल्मला ब्रेक लावतो. क्लॉ ओढतो, पण चौकट पूर्ण खाली येत नाही, आणि पुढच्या फेरीला भोक जिथे असायला हवं तिथे नसतं. शिवाय रीळभर एक सरळ उभा ओरखडा पडतो तो वेगळाच.

सुरुवातीला ठीक आणि तापल्यावर बिघडतं, असं लक्षण असेल तर मी पहिला संशय इथेच घेतो. थर गरम झाला की चिकट होतो.

साफ करायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाची काडी. पुण्यात तपकीर गल्लीत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत बाटली मिळते. ओली काडी ठिपक्यावर मिनिटभर टेकवून ठेवा, मग लाकडी टूथपिकने हलकेच ढकला. नाही निघाला तर पुन्हा भिजवा. घाई करून ब्लेड, स्क्रू-ड्रायव्हर, पॉलिश पेपर यातलं काहीही लावू नका. गेटवर पडलेला एक ओरखडा पुढच्या प्रत्येक फिल्मवर उतरतो. नेलपॉलिश रिमूव्हरही नको, त्याने प्लास्टिकचे भाग विरघळतात. सगळं पूर्ण वाळल्यावरच फिल्म लावा.

तिथेच प्रेशर प्लेट बोटाने दाबून बघा. चारी कोपऱ्यांनी सारखी दबली पाहिजे आणि सोडल्यावर लगेच उसळून वर आली पाहिजे. क्लॉ बाहेर निघाल्यावर फिल्मला जागेवर धरून ठेवायचं काम फक्त या प्लेटचं असतं. ती अडकून ढिली राहिली तर फिल्म आपल्याच वेगात थोडी पुढे घसरते आणि चित्र थरथरतं. बाजूला फिल्मच्या कडेला टेकणारी एक बारीक स्प्रिंगची पट्टी असते, ती मळाने अडकली की चित्र डावी-उजवीकडे डुलतं. दोन्ही साफ करा. स्प्रिंग वाकवून 'टाइट' करायच्या फंदात मात्र पडू नका.

३. लूप आणि फिल्मचं टोक

हाताने फिल्म लावायचं मशीन असेल तर लूप मशीनवर काढलेल्या रेघेएवढाच ठेवायचा. लहान ठेवला तर पुरत नाही, फार मोठा ठेवला तर मशीनच्या अंगाला घासतो. आपोआप फिल्म ओढणाऱ्या मशीनमध्ये सगळा खेळ फिल्मच्या टोकाचा. दुमडलेलं किंवा वाकडं कापलेलं टोक आत कुठेतरी अडतं आणि लूप सुरुवातीपासूनच चुकीचा बनतो. अशा बऱ्याच मशीनांवर टोक कापायची छोटी कातर बसवलेली असते. ती तिथे का आहे हे पुष्कळांना ठाऊकच नसतं.

४. फिल्म आकसली आहे का

इथे फूटपट्टी लागेल. ॲसिटेट नावाच्या प्लास्टिकची फिल्म वयानुसार आकसते. एका भोकाच्या वरच्या कडेपासून १०१ व्या भोकाच्या वरच्या कडेपर्यंत मोजा. स्टँडर्ड आठमध्ये ते ३८१ मिलिमीटर भरायला हवं, सुपरमध्ये ४२३. एखादा मिलिमीटर कमी भरला तर काळजी नको. चार मिलिमीटर कमी, म्हणजे सुमारे एक टक्का, भरले तर मी ती फिल्म प्रोजेक्टरवर लावत नाही. क्लॉची चाल ठरलेली असते. भोकं जवळ जवळ आली की तो भोकाच्या मध्यावर न शिरता कडेवर बसतो, आणि मशीन कितीही साफ केलं तरी हे सुधारत नाही.

डबा उघडल्यावर व्हिनेगरचा वास आला तर ॲसिटेट सडायला लागलं आहे. ते रीळ बाकीच्यांपासून वेगळं ठेवा, तो वास दुसऱ्या रिळांनाही बाधतो. मुंबईच्या आणि कोकणातल्या दमट हवेतून आलेल्या फिल्मवर बुरशीची जाळी असते. ती पाण्याने पुसायला जाऊ नका. बुरशीने खाल्लेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं आणि बुरशीबरोबर चित्रही फडक्यावर येतं.

अशा फिल्मसाठी क्लॉ आणि दातेरी स्प्रॉकेट नसलेले स्कॅनर असतात, ते फिल्म रोलरवरून नेतात. डिजिटायझेशन करणाऱ्याला पैसे देण्याआधी 'तुमचा स्कॅनर भोकांत दात घालून ओढतो का' एवढं विचारा. 'हो' म्हणाला तर आकसलेली फिल्म त्याला देऊ नका.

फक्त जोडावर उडी असेल तर जोड उजेडात बघा. टेपच्या जोडात टेप भोकावर चढलेली असते किंवा जुना डिंक बाहेर येऊन धुळीने काळा झालेला असतो. जोड नव्याने करा. फुजीच्या सिंगल आठसारखी पॉलिएस्टरची फिल्म असेल तर सिमेंटचा (फिल्म चिकटवायच्या द्रवाचा) जोड धरतच नाही, टेपच वापरावी लागते.

५. बेल्ट

चित्र उडालं की 'बेल्ट बदला' असा सल्ला सर्रास मिळतो. मला तो पटत नाही. बहुतेक मशीनांत क्लॉ, शटर आणि स्प्रॉकेट एकमेकांना गिअरने जोडलेले असतात. मोटरचा बेल्ट घसरला तर सगळंच एकदम मंद होतं. चित्र रेंगाळतं, पण उडत नाही. अपवाद गुंडाळणाऱ्या रिळाच्या बेल्टचा. तो फार ओढत असेल किंवा झटके देत असेल तर फिल्म खालच्या स्प्रॉकेटच्या दातांवरून निसटते. चालू मशीनमध्ये ते रीळ बोटाने हलकेच अडवा. त्याने घसरून थांबायला हवं. हाताला जोरात ओढ लागली तर आतला क्लच जाम आहे.

बेल्ट वितळून डांबर झालेला असेल तर अर्थातच बदला. जुनं डांबर आयसोप्रोपिलने पुलीवरून पूर्ण काढा, पुलीच्या मार्गावर दोरा लपेटून लांबी मोजा आणि त्याहून पाच ते दहा टक्के आखूड रबर घ्या.

६. सुकलेलं ग्रीस

आता झाकण उघडायचं. प्लग काढलेला आहे ना, पुन्हा बघा.

मशीन थंड असताना उडतं आणि तापल्यावर सुधारतं, याचा अर्थ जवळजवळ नेहमी ग्रीस. क्लॉ दोन हालचाली करतो, वर-खाली आणि आत-बाहेर. बऱ्याच मशीनांत यातली आत-बाहेरची हालचाल नाजूक स्प्रिंगच्या जोरावर होते. चाळीस-पन्नास वर्षांत ग्रीसचं मेण होतं, स्प्रिंग बिचारी जोर लावते, पण क्लॉ भोकात वेळेवर पोचत नाही. तो पोचेपर्यंत खाली जायची वेळ झालेली असते.

हाताने फिरवायचं चाक हळू फिरवत क्लॉचं टोक गेटमधून बघा. वीस-पंचवीस फेऱ्या बघा, एक बघून कळत नाही. टोक दर वेळी टुणकन बाहेर यायला हवं. एखाद्या फेरीला ते अंग चोरत, सावकाश येताना दिसलं की बिघाड सापडला. मला अजूनही हा क्षण फार आवडतो. मशीनने आपलं दुखणं स्वतः दाखवलेलं असतं.

जुनं ग्रीस आयसोप्रोपिलच्या काडीने उचला, मग क्लॉच्या सांध्यांवर सुईच्या टोकाने शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. एकच. गिअरच्या दातांना पांढरं लिथियम ग्रीस, तांदळाच्या दाण्याएवढं. फवारायच्या डब्यातलं तेल वापरू नका. ते सगळीकडे पसरतं, रबराच्या चाकांवर आणि बेल्टवर जातं, आणि मग गती घसरायला लागते. तेल लावल्यावर रिकामं मशीन दहा मिनिटं चालवा, गेट पुन्हा पुसा, आणि मगच तपासणीचं रीळ लावा.

ते रीळ चालल्यावर भिंगातून भोकं बघा. भोकांच्या खालच्या कडेला ताज्या खाचा दिसत असतील तर गेटमध्ये अजून अडथळा आहे. दोन भोकांच्या मधल्या जागेत टोचल्याच्या खुणा असतील तर क्लॉ चुकीच्या जागी पडतोय.

इथे थांबा

क्लॉच्या टोकाला खाच पडलेली दिसली की थांबा. कानस मारून ती जात नाही, उलट त्याची चाल बदलते. नवा क्लॉ दुसऱ्या मशीनमधून काढून बसवता येतो, पण तो किती बाहेर यावा आणि किती उंचीवर असावा हे जुळवायला सराव आणि गेज लागतात.

पांढऱ्या अक्षरांना शेपटी दिसत असेल तर शटर आणि क्लॉची वेळ जुळत नाहीये. फिल्म अजून हलत असतानाच उजेड पडतोय. याचं एक ठरलेलं कारण म्हणजे तडकलेला नायलॉनचा वर्म गिअर, म्हणजे स्क्रूसारख्या आट्यांचा गिअर. पोलादी दांड्यावर बसवलेलं नायलॉन जुनं होऊन आकसतं आणि फाटतं. केसाएवढी चीर दिसली तरी मशीन त्या क्षणापासून चालवू नका, तुकडे दुसऱ्या गिअरमध्ये जातात.

हात लावल्यावर मुंग्या आल्या, जळका वास आला, वायरचं आवरण बिस्किटासारखं तुटायला लागलं किंवा फुगलेला कपॅसिटर दिसला, तर प्लग काढून ठेवा आणि पुढचं विजेचं काम जाणणाऱ्यालाच करू द्या. अमेरिकेतून नातेवाइकांनी आणलेलं ११०-१२० व्होल्टचं मशीन आपल्या २३० व्होल्टवर थेट लावू नका. ट्रान्सफॉर्मर लावला तरी तिकडची वीज ६० हर्ट्झची, आपली ५०. इंडक्शन मोटर असेल तर १८ चा वेग १५ वर येतो आणि मोटर जास्त तापते. चित्र लुकलुकतं, पण तो उडीचा बिघाड नव्हे. त्यासाठी पुली बदलावी लागते.

कारागीर निवडताना एक गोष्ट विचारा. टूरिंग टॉकीजचे जुने ऑपरेटर अजून कुठे कुठे भेटतात आणि त्यांचा हात चांगला असतो. पण त्यांच्या ३५ मिलिमीटरच्या मशीनमध्ये क्लॉ नसतो, फिल्म थांबत थांबत ओढायला माल्टीज क्रॉस नावाचं क्रॉसच्या आकाराचं चाक असतं. ज्याने १६ किंवा ८ मिलिमीटरचं क्लॉवालं मशीन खोललं आहे, त्याच्याकडे जा.

जाताना मशीनबरोबर तपासणीचं चाललेलं रीळ न्या, गेटच्या कडेसकट पडद्याचा मोबाइलवर एक मिनिटाचा व्हिडिओ काढून न्या, आणि उडी मशीन थंड असताना पडते की तापल्यावर ते कागदावर लिहून न्या. घरचं रीळ घरीच कपाटात राहू द्या.